मारणं मुलं कुठून शिकतात? एका वादाची पार्श्वभूमी

राग दडपला की तो हाणामारीतून बाहेर पडतो, असं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास मानलं जाई. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड इथल्या बालवाडीत ७२ मुलांवर बाहुलीचा प्रसिद्ध प्रयोग झाला आणि लक्ष मोठ्यांच्या वागण्याकडे वळलं. एका गटाला मोठं माणूस बाहुलीला मारताना दाखवलं, दुसऱ्याला शांतपणे खेळताना, तिसऱ्याला काहीच दाखवलं नाही; मग मुलं त्या बाहुलीशी कशी वागतात ते पाहिलं.

वाद पेटला तो बाहुलीच्या निवडीवरून. ही फुगवलेली बाहुली पाडली की पुन्हा उभी राहते, म्हणजे ती मारण्यासाठीच असते. मग मुलांनी तिला ठोसे मारले, तर ती आक्रमकता की नुसता खेळ? आक्षेप रास्त आहे, पण पुरेसा नाही. बाहुलीला आडवं पाडून तिच्यावर बसणं, लाकडी हातोडा डोक्यात घालणं, तोंडाने ‘मार नाकावर’ म्हणणं, या कृती मुलं एरवी आपणहून करणार नाहीत अशाच निवडल्या होत्या. मोठ्या माणसाला तसं करताना पाहिलेल्या मुलांपैकी अनेकांनी अगदी तेच केलं, शब्दांसकट. न पाहिलेल्यांत ते फारसं दिसलं नाही. आवडती खेळणी काढून घेऊन मुलांना आधी चिडवलं होतं हेही खरं, पण तिन्ही गटांना सारखंच चिडवलं होतं. त्यामुळे गटांतला फरक त्या चिडीतून आलेला नाही.

१९६३ मध्ये हेच दृश्य चित्रफितीवर दाखवलं गेलं. तिथून सगळी चर्चा टीव्हीकडे गेली आणि घरातली मोठी माणसं तिच्यातून अलगद सुटली. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

कारण १९६५ चा प्रयोग खरा बोलका आहे. चित्रफितीतल्या मारणाऱ्याला शेवटी फटके बसताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नक्कल कमी केली. मग ‘त्याने काय केलं ते करून दाखव’ म्हणून बक्षीस देऊ केलं, तेव्हा त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिक्षा पाहून मुलं आवरली होती, शिकली मात्र सगळंच होती. मग घरातल्या मोठ्यांचं मारणंही ती शिकतच असणार.

मुलांना मारण्यावर घरातही कायद्याने बंदी घालणारा पहिला देश स्वीडन, १९७९ मध्ये. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. घरात आईवडिलांच्या हातून बसणाऱ्या माराला ते कलम लागू होत नाही.