आर्थिक रिकव्हरी

मंदीत घसरलेली देशाची अर्थव्यवस्था परत सावरते त्याला आर्थिक रिकव्हरी म्हणतात. सलग दोन तिमाही जीडीपी, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनाचं मूल्य, घटला की मंदी आली असं ढोबळमानाने धरतात आणि तो वाढायला लागला की रिकव्हरीच्या बातम्या येतात, पण वाढायला लागणं वेगळं आणि आधीच्या पातळीला पोचणं वेगळं, सगळ्यात जास्त गल्लत इथंच होते. भारताचंच बघा. 2020 च्या एप्रिल-जूनमध्ये जीडीपी सुमारे 24 टक्के पडला, पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत सुमारे 20 टक्के वाढला. ऐकायला भारी वाटतं, पण 100 चे 76 झाले आणि त्या 76 वर 20 टक्के वाढले तर होतात 91, म्हणजे 9 चा खड्डा राहिलाच की.

कोल्हापुरात हे लवकर जाणवतं, कारण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या फौंड्र्या ट्रॅक्टर, ट्रक, पंपांचं कास्टिंग करतात, म्हणजे धातू वितळवून त्यांचे भाग ओततात, आणि काही माल परदेशातही जातो. मागणी पडली की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग रात्रपाळी, मग भट्टी आठवड्यातले काहीच दिवस पेटते आणि कंत्राटी पोरं घरी बसतात. सावरताना ऑर्डरी आल्या तरी मालक आधी आहे त्याच माणसांकडून ओव्हरटाइम करून घेतो, कारण ही ऑर्डर टिकणार का याची त्याला खात्री नसते, नवीन भरती सगळ्यात शेवटी. जगभर रोजगार असाच उत्पादनाच्या मागनं येतो, म्हणून रिकव्हरी मोजताना जीडीपीच्या शेजारी रोजगार आणि मजुरी ठेवायलाच पाहिजे.

2008 च्या जागतिक आर्थिक संकटानंतर देशादेशातला फरक ठळक दिसला. ग्रीसचा जीडीपी काही वर्षांत जवळपास पाव हिश्श्यानं आटला, 2013 मध्ये बेरोजगारी 27 टक्क्यांच्या आसपास होती, आणि चलन युरो असल्यामुळं ते स्वस्त करून निर्यात वाढवायची वाटच नव्हती, वर कर्ज देणाऱ्यांच्या अटींमुळं पगार आणि पेन्शनला कात्री लागली. मदतीच्या कार्यक्रमातून देश बाहेर पडला तो थेट ऑगस्ट 2018 मध्ये. आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या होत्या पण तिथलं चलन क्रोना त्यांचा स्वतःचा, तो कोसळला तशी आयात महागली, लोकांचे हाल झाले, पण मासळीची निर्यात आणि टुरिझमनं हात दिला. पैसा देशाबाहेर नेण्यावरची बंधनं मात्र 2017 पर्यंत राहिली.

श्रीलंकेत 2022 मध्ये महागाई 70 टक्क्यांच्या घरात गेली, पुढच्या वर्षी आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं) कर्ज मिळालं, महागाईचा दर एक आकडी झाला, तरी चढलेले भाव काय आधीसारखे झाले नाहीत.

आयर्लंडची गोष्ट अजून वेगळी. 2015 मध्ये तिथला जीडीपी सुमारे 25 टक्के वाढला, पण त्यात मोठा वाटा मल्टिनॅशनल कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथं हलवल्याचा होता, लोकांची कमाई काही तेवढी वाढली नव्हती. मग तिथल्या सांख्यिकी कार्यालयानं 2017 पासून हा फुगवटा काढून वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली.