‘लांब ई म्हणा’: गळ्याच्या गाठीच्या ऑपरेशनमागची दीडशे वर्षं

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई राऊंडला आल्या. दुखतंय का, हे त्यांनी विचारलंच नाही. “आत्ती, लांब ‘ई’ म्हणा बघू.” आत्तीनं म्हटलं. मग, “बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात का?” असं विचारत त्यांनी आत्तीच्या कानापुढं गालावर बोटानं दोन-तीनदा टकटक केलं आणि ओठाचा कोपरा उडतोय का ते निरखून पाहिलं. जाता जाता सिस्टरना सांगितलं, उद्यापासून उपाशीपोटी गोळी सुरू.

त्या वळल्या तशी आत्ती मला म्हणाली, “गळा कापलाय आन् गालावर टिचक्या मारत्यात. कसलं डाक्टर म्हणायचं हे?”

आत्ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीकडची. गळ्याला गाठ, सोनोग्राफीत संशय, सुई घालून केलेल्या तपासणीत कॅन्सर, आणि मग थायरॉईड पूर्ण काढलं. तो ‘ई’, त्या टिचक्या आणि ती गोळी, या तिन्हींमागं कुणीतरी भोगलेलं आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडं मानेवरच्या कुठल्याही गाठीला सर्रास गंडमाळ म्हणतात. गंडमाळ म्हणजे मानेत माळेसारख्या येणाऱ्या गाठी, बहुतेक वेळा क्षयाच्या. गलगंड, म्हणजे वाढून फुगलेला थायरॉईड, तो नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांची लक्षणं वेगवेगळी दिली आहेत. आपण मात्र आजही “मला थायरॉईड आहे” म्हणतो. तो सगळ्यांनाच असतो. पाठ्यपुस्तकात त्याला अवटू ग्रंथी असं नाव आहे, पण ते कुणी उच्चारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

या ग्रंथीत रक्त इतकं खेळतं की तिला सुरी लावायला शल्यचिकित्सक घाबरत. १८४६ मध्ये भूल आली तरी ही भीती गेली नाही. १८६६ मध्ये अमेरिकेतले नामांकित सर्जन सॅम्युएल ग्रॉस यांनी लिहून ठेवलं की, कुठलाही प्रामाणिक आणि शहाणा शल्यचिकित्सक या ऑपरेशनच्या वाटेला जाणार नाही. थिओडोर बिलरोथ झुरिकमध्ये असताना त्यांचे इतके रुग्ण दगावले की काही वर्षं त्यांनी ही ऑपरेशनं बंदच ठेवली. पुढं जंतुनाशक पद्धत आली, रक्तवाहिनी पकडून ठेवणारे चिमटे आले, आणि व्हिएन्नात त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बर्नला थिओडोर कोखर काम करत होते. आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीनची वानवा, त्यामुळं घरोघरी गलगंड. कोखर सावकाश, रक्ताचा थेंब न सांडता ऑपरेशन करत आणि ग्रंथी मुळापासून स्वच्छ काढत. रुग्ण वाचत होते. १८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच पूर्ण काढली. काही वर्षांनी तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांनी कळवलं की पोर मंद झाली आहे. कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावून घेतलं. ही मुलगी आली तेव्हा तिच्यासोबत धाकटी बहीण होती. एकेकाळी दोघी इतक्या सारख्या दिसायच्या की लोकांची गल्लत व्हायची. आता धाकटी वाढून तरुण झाली होती, आणि थोरली खुरटलेली, सुजलेल्या चेहऱ्याची, जड जिभेची. ग्रंथी पूर्ण काढलेले १८ जण तपासले, त्यातल्या १६ जणांची हीच गत होती. १८८३ मध्ये कोखर यांनी हे स्वतःच जगापुढं मांडलं आणि यापुढं साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणार नाही असं ठरवलं. जिनिव्हाच्या रेव्हर्दिन यांनी आदल्याच वर्षी असं काहीसं नोंदवलं होतं. पण आपल्या हातून झालेलं नुकसान मोजायला रुग्णांना पुन्हा दारात बोलवायचं, याला वेगळी छाती लागते. १९०९ मध्ये कोखर यांना नोबेल मिळालं, शल्यचिकित्सकाला मिळालेलं पहिलं. पुढं ५,००० च्या आसपास ऑपरेशनांनंतर त्यांच्याकडचं मृत्यूचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आलं होतं.

व्हिएन्नात त्रास निराळाच होता. बिलरोथ यांच्या रुग्णांना सूज येत नसे, पण हातापायांना वांब यायचे, बोटं आखडायची. त्यांचे सहायक वोल्फ्लर यांनी १८७९ मध्ये त्याची नोंद केली. ऑपरेशन एकच, मग दोन गावांत दोन रोग कसे? उलगडा केला अमेरिकेच्या विल्यम हॉलस्टेड यांनी, त्यांनी दोघांचेही हात चालताना पाहिले होते. बिलरोथ झपाझप काम करत, त्यात थायरॉईडचे तुकडे मागं राहायचे, म्हणून सूज नाही. पण त्या घाईत पाठीमागं चिकटलेल्या चार बारीक ग्रंथी निघून जात किंवा त्यांचं रक्त तुटे. कोखर यांच्या नीटनेटक्या हातून त्या वाचत, थायरॉईड मात्र कणभरही उरत नसे.

त्या चार ग्रंथी म्हणजे पॅराथायरॉईड. मसुराच्या डाळीएवढ्या, पिवळसर-तपकिरी, चरबीत मिसळल्या तर अनुभवी डोळ्यालाही चकवणाऱ्या. त्या पहिल्यांदा दिसल्या त्या आपल्या एकशिंगी गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला, त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना त्या आढळल्या. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी केलं, आणि त्याकडं तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९०९ च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये मॅककॅलम आणि व्होएग्टलिन यांनी दाखवलं की, या ग्रंथी गेल्यावर येणारे वांब कॅल्शियम दिल्यावर थांबतात. आत्तीच्या गालावरच्या टिचक्या त्यासाठीच. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की चेहऱ्याची नस चटकन बिथरते. व्हिएन्नाच्या ख्वोस्टेक यांनी ही खूण १८७६ मध्येच सांगून ठेवली होती.

आता तो ‘ई’. स्वरयंत्राकडं जाणारी नस आधी छातीकडं उतरते, मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि थायरॉईडच्या पाठीमागून पुन्हा वर चढते. ती तुटली की आवाज बसतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासच कोंडतो. दुसऱ्या शतकात गॅलेन यांनी केकाटणाऱ्या डुकराची ही नस कापून त्याला गप्प केलं होतं, एवढी ही माहिती जुनी. तरी नसेला हातच लावू नये, लांबून जावं, असं मत बराच काळ चालत आलं. १९३८ मध्ये बॉस्टनच्या फ्रँक लेही यांनी उलट सांगितलं: नस शोधा, डोळ्यांनी पाहा, मग कापा. इजा कमी होतात. हल्ली भुलीच्या नळीवरच्या इलेक्ट्रोडमुळं नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करतं. दुसरी एक बारीक नस आहे, वरच्या बाजूची. ती दुखावली तर बोलणं ठीक राहतं, पण वरचे सूर लागत नाहीत. आत्तीला त्याचं काही नव्हतं. अल्लादिया खाँसाहेबांच्या आणि देवल क्लबच्या या कोल्हापुरात एखाद्या गाणाऱ्याला मात्र ती नस फार महागात पडेल.

उपाशीपोटीच्या गोळीची गोष्ट पांढऱ्या रश्श्याच्या गावात सांगायलाच हवी. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉईड आटलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. बाई उठून हिंडू लागली आणि पुढं २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १९१४ च्या नाताळात एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, वेगळं काढलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं. गोळी हाताशी आली तशी कोखर यांनी बंद केलेली वाट पुन्हा खुली झाली. कॅन्सर असेल तर ग्रंथी पूर्ण काढता येऊ लागली, आणि उरलेल्या पेशींसाठी किरणोत्सारी आयोडीन. त्यासाठी मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून तिकडं जाणारे पेशंट कोल्हापूरला नवे नाहीत.

इतर ग्रंथींचा इतिहास विसाव्या शतकातला, पण आपल्या कानावर कमी पडलेला. १९२५ मध्ये व्हिएन्नाच्या फेलिक्स मांडल यांनी हाडं ठिसूळ झालेल्या एका ट्रामच्या कंडक्टरची पॅराथायरॉईडची गाठ काढली. त्याआधी त्यांनी त्याला उलट पॅराथायरॉईडच बाहेरून देऊन पाहिली होती, कारण ती कमी पडते असा तेव्हाचा समज होता. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली, रक्तदाब एकदम भडकवणारी गाठ १९२६ मध्ये लोझानला रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी काढली. १९२९ मध्ये टोरांटोत स्वादुपिंडातली इन्सुलिन ओतणारी गाठ रॉस्को ग्रॅहॅम यांनी काढली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत नाकावाटे जाण्याची सुरुवात १९०७ मध्ये श्लोफर यांनी इन्सब्रुकला केली. दुर्बिणीतून अ‍ॅड्रिनल काढणं १९९२ पासूनचं.

कोल्हापुरात दसरा चौकाजवळचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणजे संस्थानकाळातलं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. ते उभं राहिलं ते १८८० च्या दशकात, म्हणजे कोखर बर्नला जुने रुग्ण मोजत होते तेव्हाच. अवघड ऑपरेशन म्हटलं की मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाक्य ठरलेलं, “मिरजेला नेलंय.” डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथं १८९४ मध्ये सुरू झालं. अंतःस्रावी, म्हणजे रक्तात संप्रेरकं सोडणाऱ्या, ग्रंथींच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग भारतात पहिल्यांदा लखनौच्या संजय गांधी संस्थेत झाला. आपल्या भागात हे काम जनरल सर्जन, कान-नाक-घशाचे किंवा कॅन्सरचे सर्जन करतात.

गलगंड कमी झाला तो सुरीपेक्षा मिठानं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठानं तो घटतो हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. आपल्याकडं कोकणातून घाट चढून येणारं खडेमीठ. समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन नावापुरतंच. आत्ती अजून लोणच्याला तेच वापरते, पुडीतल्या मिठानं खार काळा पडतो म्हणते.

सोनोग्राफी गल्लोगल्ली झाल्यापासून प्रश्न उलटा फिरला आहे. दक्षिण कोरियात १९९९ नंतर तपासण्या वाढल्या आणि १९९३ ते २०११ दरम्यान थायरॉईड कॅन्सरचं निदान १५ पट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलनं १९९३ पासून एक सेंटिमीटरच्या आतले कॅन्सर न कापता नुसते नजरेखाली ठेवले, आणि बहुतेक गाठी वर्षानुवर्षं जागच्या हलल्या नाहीत. २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी चार सेंटिमीटरपर्यंतच्या, बाहेर न पसरलेल्या गाठीला अर्धी ग्रंथी काढणंही पुरेसं मानलं. पूर्ण, मग अर्धी, मग पुन्हा पूर्ण, आता पुन्हा अर्धी. मला यात धरसोड दिसत नाही. दर वेळी मागं काय उरतं त्याचा हिशेब नव्यानं झाला आहे.

आत्तीची गाठ मोठी होती, मानेतल्या गाठींतही पसरलेली, म्हणून तिच्या बाबतीत अर्ध्याचा पर्याय नव्हता. पण तो असता तरी तिनं ऐकलं नसतं. ऑपरेशनच्या आधी बाई समजावत होत्या तेव्हाच ती म्हणाली होती, “सगळीच काढा की. अर्धं ठिवून काय लोणचं घालू?” आता रोज सकाळी सहाला ती गोळी घेते आणि चहाकडं बघत अर्धा तास बसून राहते. गोळीपेक्षा तिची तक्रार त्या अर्ध्या तासाबद्दल आहे.