शपथ आणि शिवी, दोन्हीला एकच शब्द कसा?

इंग्लिशमधल्या स्वेअर या शब्दाकडे कधी नीट बघितलंय का? ‘आय स्वेअर’ म्हटलं की शपथेवर सांगतो, आणि ‘डोन्ट स्वेअर’ म्हटलं की शिव्या देऊ नकोस. म्हणजे कोर्टात साक्षीदाराने एका अर्थाने स्वेअर केल्याशिवाय सहसा त्याची साक्ष घेत नाहीत आणि दुसऱ्या अर्थाने केलं तर त्याची काही खैर नाही. इतकी पवित्र गोष्ट आणि इतकी घाण गोष्ट एकाच शब्दात राहतायत, हे मला आधी अपघात वाटायचं, पण जसजसं वाचत गेलो तसं पटत गेलं की हा अपघात नाही, या दोन गोष्टी मुळात एकाच घरातल्या आहेत.

शपथेचा अर्थ जुना. जुन्या इंग्लिशमध्ये स्वेरियन असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ फक्त शपथ घेणं. आपण रोज वापरतो तो अ‍ॅन्सर हा शब्दसुद्धा त्यातूनच आलाय, कुणी आरोप केला की त्याच्या विरुद्ध शपथेवर जे सांगायचं ते अ‍ॅन्सर, साधं उत्तर हा अर्थ नंतरचा. शिव्या देणं हा अर्थ चिकटला पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला.

तो का चिकटला हे कळायला शपथ म्हणजे नक्की काय ते बघावं लागतं. आजच्या तुर्कस्तानात ३००० वर्षांहून आधी हिटाइट लोकांचं राज्य होतं, त्यांच्या सैनिकांच्या शपथेचा मजकूर मातीच्या पाट्यांवर सापडलाय. सैनिकांच्या हातात मेण आणि मेंढीची चरबी द्यायचे, मग ते विस्तवावर टाकायचं आणि म्हणायचं की हे मेण जसं वितळतंय आणि ही चरबी जशी विरघळतेय तसाच शपथ मोडणारा वितळून जावो. नुसतं वाचतानाही अंगावर काटा येतो. आता बघा, हे वचन आहे की शाप? दोन्ही आहे. शपथ म्हणजे माणसाने स्वतःलाच आगाऊ देऊन ठेवलेला शाप, फक्त त्याला ‘मी खोटं वागलो तर’ अशी अट जोडलेली. ग्रीक डॉक्टरांची हिपोक्रॅटिसच्या नावाची जुनी शपथ आहे ना, तिच्याही शेवटी हेच आहे, शपथ पाळली तर कीर्ती मिळो आणि मोडली तर उलटं होवो.

आणि हे आपल्याला खरं तर नवीन वाटायलाच नको, कारण संस्कृतमध्ये शप् हा एकच धातू आहे आणि त्यातूनच शाप आला आणि त्यातूनच शपथ. रोज दोन्ही शब्द वापरतो पण शेजारी ठेवून बघत नाही. रशियनमध्येही शपथ म्हणजे क्ल्यात्वा आणि शाप म्हणजे प्रक्ल्यातिये, मूळ एकच. फ्रेंचमधलं ज्युरे हे क्रियापद तर हुबेहूब स्वेअरसारखं, शपथही आणि शिवीही.

तर शपथ घ्यायची म्हणजे कुठल्यातरी मोठ्या शक्तीचं नाव घ्यायचं, आणि एवढं मोठं नाव तोंडात बसलं की ते कुठेही बाहेर पडतं, ठेच लागली तरी. मध्ययुगात इंग्लंडमधले लोक देवाच्या हाडांची, देवाच्या रक्ताची, क्रुसावरच्या जखमांची शपथ उठताबसता घ्यायचे आणि धर्मगुरूंना त्याचा भयंकर राग यायचा, कारण बायबलच्या दहा आज्ञांमध्येच देवाचं नाव उगाच घेऊ नका असं आहे. म्हणजे त्या काळची सगळ्यात वाईट शिवी ही शरीराच्या कुठल्या भागावरून नव्हती, ती फुकट घेतलेली शपथ होती. स्वेअरचा दुसरा अर्थ तयार झाला तो इथे. १६०६ साली तर कायदाच आला, नाटकात देवाचं नाव टवाळीने घेतलं तर दर वेळी १० पौंड दंड, आणि त्यातले अर्धे तक्रार करणाऱ्याला! शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची १६२२ची छापील प्रत आणि १६२३ची प्रत शेजारी ठेवली तर पहिलीत झाउंड्स, स्ब्लड असे शब्द दिसतात आणि दुसरीत ते गाळलेले. झाउंड्स म्हणजे देवाच्या जखमा, स्ब्लड म्हणजे देवाचं रक्त, नाव थोडं चावून घ्यायचं म्हणजे पाप कमी. गॉश, गॉली, जीझ हे आजचे साळसूद शब्द त्याच जातीचे.

स्वेअरच्या जवळपासचे इतर इंग्लिश शब्दही बघण्यासारखे आहेत, सगळे सारखे वाटतात पण नसतात. ओथ हा शब्द स्वेअरसारखाच दुटप्पी, शपथही आणि शिवीही. व्हाउ (vow) म्हणजे नवस किंवा व्रत, प्लेज म्हणजे वचन, पण त्यात मुळात काहीतरी तारण ठेवणं आहे. प्रोफेन म्हणजे अपवित्र, मूळ लॅटिनमध्ये देवळाच्या बाहेरचं. कस (cuss), म्हणजे शिवी देणं, हा कर्सचाच (शाप) बोली उच्चार. आणि अफर्म, म्हणजे शपथ न घेता ठामपणे सांगणं, हा मला सगळ्यात आवडणारा, कारण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक म्हणायचे की आम्ही नेहमीच खरं बोलतो, मग शपथेवर वेगळं खरं कशाला? त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये १६९५ च्या सुमारास नुसतं गांभीर्याने सांगण्याची सोय झाली, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या शपथेतही स्वेअर किंवा अफर्म असे दोन पर्याय आहेत. १८५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष होताना फ्रँकलिन पिअर्स यांनी अफर्म निवडला.

आता मेंदूकडे येऊ. २००९ मध्ये इंग्लंडच्या कील युनिव्हर्सिटीत रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात ठेवायला सांगितला, एकदा शिवी म्हणत आणि एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द म्हणत. शिवी देताना हात जास्त वेळ टिकला आणि हृदयाचे ठोकेही वाढले. मग २०२० मध्ये त्यांनी फाउच आणि ट्विझपाइप अशा बनावट शिव्या देऊन बघितल्या तर त्यांनी काहीच फरक पडला नाही. म्हणजे नुसता आवाज पुरत नाही, त्या शब्दाला लहानपणापासूनची मनाई चिकटलेली असावी लागते असं दिसतं. पण आवाजाचंही काहीतरी आहे, २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं की एकमेकांशी नातं नसलेल्या भाषांमध्येही शिव्यांत य, र, ल, व हे मऊ आवाज कमी असतात, म्हणजे आपल्या व्याकरणातले अंतस्थ वर्ण. डॅम (damn) ही शिवी सौम्य करायची तर डार्न करतात, र घालून!

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलेल्या काही लोकांना साधं वाक्य जमत नाही पण शिवी मात्र स्पष्ट येते, कारण ठरवून रचलेलं बोलणं आणि आपोआप उसळणारं बोलणं मेंदूत पूर्णपणे एकाच वाटेने येत नाही. फ्रेंच कवी बोदलेअर यांना १८६६ मध्ये बेल्जियममध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि शब्दांवर आयुष्य काढलेल्या या माणसाकडे जवळपास एकच उद्गार उरला, क्रे नों. हॉस्पिटलमधल्या नन्सना ती भयंकर शिवी वाटायची आणि त्या हादरून जायच्या. तो उद्गार म्हणजे साक्रे नों द द्यू याचं अर्धवट रूप, आणि त्याचा शब्दशः अर्थ, देवाचं पवित्र नाव.