परिणामकारक परोपकार : कला आणि ललित साहित्य

इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम, म्हणजेच परिणामकारक परोपकार, या विचारसरणीची मूल्ये ज्यांच्या गाभ्याशी आहेत अशा कथा, कादंबऱ्या, चित्रपट, संगणकीय खेळ व समारंभ यांचा या नोंदीत विचार केला आहे. दूरच्या माणसाच्या दुःखाचे मोल जवळच्याच्या दुःखाइतकेच मानणे, पुढे जन्मणाऱ्या पिढ्यांचा आणि वेदना जाणवणाऱ्या प्राण्यांचा विचार करणे, आणि हाती असलेल्या पैशातून व वेळेतून सर्वाधिक भले कशाने होईल हे पुराव्यानिशी शोधणे, ही ती मूल्ये होत. ही चळवळ मुख्यतः ऑक्सफर्ड येथे आकाराला आली. उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा दान करण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यांची संस्था तेथे २००९ मध्ये स्थापन झाली. चळवळीचे नाव २०११ मध्ये ठरले. साहजिकच येथे उल्लेखिलेल्या बहुतेक कृती या नावाच्या आधीच्या आहेत. त्यांना या वर्गात आणले ते नंतरच्या वाचकांनी.

या परंपरेचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद आहेत. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाच्या १९७२ मधील ‘फॅमिन, अ‍ॅफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’ या निबंधातील दृष्टांत हा आरंभबिंदू होय, असे सर्वसाधारण मत आहे. पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या हालअपेष्टांच्या पार्श्वभूमीवर हा निबंध १९७१ च्या अखेरीस लिहिला गेला. उथळ तळ्यात मूल बुडत आहे. वाटसरूने पाण्यात उतरून त्याला काढले तर त्याचे कपडे चिखलाने माखतील, एवढेच नुकसान. मूळ निबंधात हा प्रसंग जेमतेम दोन-तीन वाक्यांत येतो. नवे बूट वगैरे तपशील पुढच्या कथनांत आले. काही अभ्यासक याहून फार मागे, बहुधा इ.स.पू. चौथ्या शतकातल्या मेन्शिअस या चिनी विचारवंताकडे बोट दाखवतात. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच कोणाच्याही काळजाचा थरकाप होतो, आणि तो आईबापांची मर्जी संपादण्यासाठी किंवा गावात वाहवा व्हावी म्हणून होत नाही, असे तो म्हणतो. साम्य लक्षणीय असले तरी रोख निराळा आहे. मेन्शिअसला माणसाच्या ठायी करुणा उपजत असते हे दाखवायचे आहे. सिंगर यांना ती करुणा अंतराने का आटते हे विचारायचे आहे.

तिसरे मत विल्यम गॉडविन या इंग्रज विचारवंताला आद्यत्व देते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. ‘पोलिटिकल जस्टिस’ (१७९३) या ग्रंथात त्याने एक आग लावून दिली आहे : महालात फेनेलाँ हा फ्रेंच आर्चबिशप आणि त्याची दासी अडकले आहेत, वाचवता एकालाच येईल. गॉडविनचे उत्तर ‘फेनेलाँ’ असे आहे, आणि कारण साहित्याचे आहे. ‘तेलेमाक’ ही फेनेलाँची कादंबरी (१६९९) हजारो वाचकांना सन्मार्गाकडे नेणारी असल्याने ती लिहिण्याआधीच तो जळून गेला असता तर त्या सर्वांचे नुकसान झाले असते. ती दासी माझी पत्नी किंवा आई असती तरी निर्णय बदलला नसता, असेही त्याने लिहिले. यावरून एवढा गदारोळ झाला की १७९६ च्या आवृत्तीत दासीच्या जागी सेवक आणि पत्नी व आई यांच्या जागी भाऊ व वडील आले. युक्तिवाद मात्र तसाच राहिला. ललित कृतीला जीव वाचवण्याच्या हिशोबात एक रक्कम म्हणून मांडण्याचा हा आपल्याला ज्ञात असलेला पहिला ठळक प्रयत्न असावा. शिवाय गॉडविन तेवढ्यावर थांबला नाही. तत्त्वग्रंथ ज्यांच्या हाती कधी पडणार नाही अशा वाचकांसाठी त्याने १७९४ मध्ये ‘केलेब विल्यम्स’ ही कादंबरी लिहिली. घरच्या मायेला आपण पूर्वी फारच कमी लेखले, ही कबुलीही त्याने १७९९ मध्ये दुसऱ्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेतच दिली.

गॉडविनचा हिशोब उलटाही मांडता येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००४ मध्ये दुच्चो या इटालियन चित्रकाराचे मेरी व बालयेशूचे छोटेसे चित्र सुमारे साडेचार कोटी डॉलरना घेतले. मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया ५० डॉलरमध्ये होते असे धरले तर एवढ्या पैशात ९ लाख लोकांना दृष्टी मिळाली असती, असे सिंगर यांनी दाखवून दिले. कलेवर खर्च करू नये असा याचा सरसकट अर्थ लावला जातो. तो घाईचा आहे. प्रश्न देणगीचा पुढचा रुपया कोठे अधिक उपयोगी पडेल याचा आहे, कलेच्या मोलाचा नाही.

एकोणिसाव्या शतकातील कादंबरीने या विचाराला बहुतांशी विरोधच केला. चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मधील (१८५२–५३) मिसेस जेलिबी नायजर नदीकाठच्या वसाहतीसाठी रात्रंदिवस पत्रे लिहिते आणि तिची स्वतःची मुले जिन्यावरून गडगडत असतात. दूरच्यांच्या भल्याची चिंता म्हणजे जवळच्यांची हेळसांड, हे समीकरण या पात्राने रूढ केले. चळवळीचे आजचे टीकाकारही तिचे नाव घेतात. तथापि या पात्रामागे १८४१ ची फसलेली ब्रिटिश नायजर मोहीम आहे. तिच्या वृत्तान्ताचे कडक परीक्षण डिकन्सने १८४८ मध्ये लिहिले होते. कादंबरीतही वसाहत शेवटी बुडते, कारण तेथील राजा जगले-वाचलेल्या सगळ्यांना रमच्या बदल्यात विकायला निघतो. आणि बाई कसलीही चौकशी न करता नव्या कार्याकडे वळतात. तेव्हा जेलिबीचा दोष अंतराचा कमी आणि परिणाम न तपासण्याचा जास्त आहे. या वाचनाला मूळ कादंबरीत भरपूर आधार सापडतो, तरी ते अजून पुरेसे रुळलेले नाही. दस्तयेव्हस्कीच्या ‘करामाझफ बंधू’तील (१८७९–८०) इव्हानचा प्रश्न अधिक खोल आहे : एका निरपराध बालकाच्या छळावर अवघ्या मानवजातीचे सुख उभारता येत असेल तर तुला ते मान्य आहे का? हाच पेच विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९१ मध्ये मांडला आणि अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या १९७३ मधील प्रसिद्ध कथेचा आधार तो आहे. या कृती हिशोबाला मर्यादा घालतात, म्हणून त्या या परंपरेच्या बाहेरच्या समजणे योग्य नाही.

कलेची खरी अडचण मानसशास्त्राने दाखवून दिली. नाव आणि चेहरा असलेल्या एका बालिकेसाठी लोक जेवढे देतात त्याहून लाखो उपाशी लोकांच्या आकडेवारीसाठी कमी देतात. दोन्ही एकत्र दाखवले तर बालिकेला मिळणारी मदतही घटते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. कथा चेहऱ्यावर जगते आणि ही नीती संख्येवर उभी आहे. जी कृती नुसती चेहरा दाखवून रडवते ती या नीतीचे काम करत नाही, आणि जी नुसते आकडे वाचते ती कला होत नाही. संख्येला रूप देणे हीच या क्षेत्रातील कारागिरी होय. ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) या चित्रपटाच्या शेवटी नायक आपली मोटार पाहून ‘यात दहा माणसे’ आणि कोटावरची सोन्याची पिन पाहून ‘यात दोन’ असा हिशोब करत कोसळतो. हजाराहून अधिक जीव वाचवलेला माणूस न वाचलेल्यांना मोजतो. मोजणे आणि रडणे येथे एकच क्रिया होते, आणि हा प्रसंग या विचारसरणीच्या लोकांत उद्धृत होतो तो उगीच नाही.

देवी रोगाच्या निर्मूलनावरील, २०१० नंतरच्या दशकात लिहिली गेलेली एक लहान इंग्रजी गद्यरचना हीच वाट वेगळ्या रीतीने चालते. विसाव्या शतकात या रोगाने घेतलेल्या बळींचा अंदाज ३० ते ५० कोटी असा दिला जातो. रचनेत नायक नाही. लिपीच जन्मली नव्हती म्हणून ज्याची नोंद राहिली नाही अशा पहिल्या बळीपासून ती सुरू होते आणि रोगालाच शत्रू मानून त्याच्या अंतापर्यंत येते. नैसर्गिक संसर्गाचा अखेरचा रुग्ण सोमालियात ऑक्टोबर १९७७ मध्ये आढळला; जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलन मे १९८० मध्ये जाहीर केले.

प्राण्यांच्या बाबतीत जे. एम. कुट्सी या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या कादंबरीकाराचे ‘द लाइव्ह्ज ऑफ अ‍ॅनिमल्स’ (१९९९) महत्त्वाचे. प्रिन्स्टन येथील व्याख्याने त्यांनी एका काल्पनिक लेखिकेच्या व्याख्यानांची कथा म्हणून सादर केली. पुस्तकात त्यावर मत देताना सिंगर यांनीही बाप आणि लेक यांच्या संवादाचे कथारूपच निवडले.

मानवजातीच्या दीर्घ भविष्याचे चित्रण ओलाफ स्टेपल्डनने ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’मध्ये (१९३०) सुमारे दोनशे कोटी वर्षांच्या पटावर केले. सर्वनाशाच्या धोक्याविषयीच्या कृतींत ‘द डे आफ्टर’ (१९८३) हा अणुयुद्धावरील दूरचित्रपट उल्लेखनीय आहे. तो पाहून मन खिन्न झाल्याची नोंद अध्यक्ष रेगन यांच्या दैनंदिनीत आहे. निक बोस्ट्रम या तत्त्वज्ञाची ड्रॅगनची नीतिकथा (२००५) म्हातारपण व मृत्यू यांना रोज हजारोंचा बळी घेणाऱ्या राक्षसाचे रूप देते. ती वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आली, हे तिचे वेगळेपण. बोस्ट्रम यांच्याच एका विचारप्रयोगावरून ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ हा खेळ २०१७ मध्ये निघाला. त्यात खेळाडू स्वतःच कागद जोडायच्या टाचण्या बनवणारी कृत्रिम बुद्धी होऊन अखेर सारे विश्व टाचण्यांत रूपांतरित करतो.

चळवळीच्या आतून, निदान तिच्या निकटच्या वर्तुळातून आलेली सर्वांत मोठी ललित कृती म्हणजे कृत्रिम बुद्धीच्या धोक्यांविषयी लिहिणारे एलिएझर युडकोव्स्की यांची हॅरी पॉटरच्या विश्वावर बेतलेली, २०१० ते २०१५ या काळात आंतरजालावर क्रमशः प्रसिद्ध झालेली १२२ प्रकरणांची कादंबरी. तिचा बालनायक वैज्ञानिक रीतीने विचार करतो आणि कोणाचाही मृत्यू अटळ मानण्यास नकार देतो. संवाद पुष्कळदा व्याख्यानाच्या अंगाने जातात. तरीही परोपकाराकडे आपण या कादंबरीमुळे वळलो असे सांगणारे वाचक बरेच आहेत.

काव्य, संगीत व चित्रकला यांत तुलनेने थोडे काम झाले आहे. न्यूयॉर्क येथे २०११ पासून हिवाळी अयनदिनाचा एक निधर्मी गीतसमारंभ होत आला असून पुढे तो इतर शहरांतही पसरला. अणुहल्ल्याचा खोटा इशारा खरा न मानणारे सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांच्या स्मरणार्थ २६ सप्टेंबर हा दिवसही याच वर्तुळात पाळला जातो.