‘पॉइंट फोर फाइव्ह’ची गोळी माणसाला मागे उडवते का?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पहिल्यांदाच पिस्तूल बाळगायचं ठरवलेल्यांकडे हे हमखास फिरत येतं: ‘.45 ची गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो, 9 मिमीचं तसं नाही. म्हणून मोठंच कॅलिबर घ्या.’

कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी; .45 म्हणजे 0.45 इंच, 9 मिमीपेक्षा जाड. आकडेच मांडून बघू. .45 ची गोळी साधारण 15 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 260 मीटर. तिचा सगळा संवेग 80 किलोच्या माणसात उतरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम 5 सेंटिमीटर. चालताना आपण सेकंदाला मीटरभराहून जास्त जातो! शिवाय न्यूटनचा तिसरा नियम आहेच. गोळीला मिळतो तेवढाच धक्का उलट दिशेने झाडणाऱ्याला बसतो, किंबहुना थोडा जास्तच, कारण जळलेल्या दारूचा वायूही पुढे सुटतो. समोरचा उडाला असता, तर झाडणाराही उडाला असता. पडद्यावर वर्षानुवर्षं तेच पाहिल्यावर खरं वाटणं स्वाभाविक आहे.

हातातल्या पिस्तुलातून गोळी कुठे लागते, हे तिच्या जाडीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं. कपड्याआड बाळगायच्या छोट्या, हलक्या पिस्तुलात .45 चा झटका मनगटाला चांगलाच जाणवतो, दुसरी गोळी भरकटते. मॅगझिनमध्ये गोळ्याही कमी मावतात.

पडताळणी सोपी आहे. नेमबाजीच्या बऱ्याच रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सारख्याच आकाराची दोन्ही घ्या, पाच-सात मीटरवरून कागदावर पाच-पाच गोळ्या झाडा आणि भोकं किती जवळ पडली ते पाहा. नवख्यांचा कागद बहुधा 9 मिमीच्याच बाजूने बोलतो.