ए फॉर अँड्रोमेडा

बीबीसीने ३ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर १९६१ या काळात प्रसारित केलेली सात भागांची कृष्णधवल विज्ञानकथा मालिका. लेखन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि जॉन एलियट यांचे, तर निर्मिती मायकेल हेस व नॉर्मन जेम्स यांची. दर मंगळवारी एक याप्रमाणे सात आठवड्यांत मालिका संपली. तिचा आज एकच भाग पूर्ण स्वरूपात पाहायला मिळतो. असे असूनही परग्रहावरील बुद्धिमत्तेविषयीच्या विज्ञानकथांचा इतिहास लिहिताना तिला वगळून पुढे जाता येत नाही.

हॉईल हे तेव्हा केंब्रिजमधले वादळी नाव होते. हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्याबरोबर १९४८ मध्ये त्यांनी स्थिर अवस्थेतील विश्वाचा सिद्धांत मांडला होता. तो ज्या सिद्धांताशी झुंजत होता, त्याला ‘बिग बँग’ हे नाव १९४९ मधल्या रेडिओवरील व्याख्यानात हॉईल यांनीच दिले. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात यावरचा प्रसिद्ध शोधनिबंध १९५७ चा आणि त्यांची पहिली विज्ञान-कादंबरीही त्याच वर्षीची. मालिका पडद्यावर आली तेव्हा जयंत नारळीकर त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. मराठी विज्ञानकथेच्या वाचकाला ही मालिका वाटते तितकी परकी नाही, ती यामुळे.

कथा १९७० च्या सुमारास घडते. यॉर्कशरच्या डोंगराळ भागात नवी रेडिओ दुर्बीण उभी राहते आणि देवयानी तारकासमूहाच्या दिशेने येणारे संकेत ती पकडते. जॉन फ्लेमिंग हा हट्टी, तोंडाळ शास्त्रज्ञ त्यांचा अर्थ लावतो. तो संदेश म्हणजे एका महासंगणकाचा आराखडा आणि त्यात भरायची आज्ञावली असते. स्कॉटलंडमधल्या लष्करी संशोधन केंद्रात ते यंत्र उभारले जाते. पृथ्वीवरील जीवांची रचना कशी असते हे यंत्र माणसांना प्रश्न विचारून जाणून घेते आणि मॅडलिन डॉनी या जीवशास्त्रज्ञेकडून प्रयोगशाळेत सजीव घडवून घेते. पहिला प्रयत्न म्हणजे एका डोळ्याचा, लिबलिबीत प्राणी. पुढे क्रिस्टीन ही सहायक यंत्राच्या धक्क्याने मरते आणि थोड्याच काळात हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी तरुणी जन्माला घातली जाते. तीच अँड्रोमेडा. सरकारला यंत्रात संरक्षण आणि व्यापार दिसतो, फ्लेमिंगला धोका दिसतो. शेवटी अँड्रोमेडाचे मन वळवण्यात तो यशस्वी होतो आणि यंत्राचा नाश होतो.

यात यंत्रावर डोळा ठेवून असलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी टोळीचे नाव ‘इंटेल’ आहे. त्या नावाची खरी कंपनी निघाली १९६८ मध्ये, म्हणजे हा निव्वळ योगायोग.

मालिकेचे खरे मोल तिच्या मूळ कल्पनेत आहे. तोवर पडद्यावरचे परग्रहवासी यानातून येत, शस्त्रे परजत. हॉईल यांनी भौतिकशास्त्रज्ञाला शोभेल असा हिशेब केला. ताऱ्यांमधली अंतरे पाहता देहाने प्रवास करणे अतिशय महागाचे, पण रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात आणि त्यांना खर्चही कमी लागतो. मग स्वतः कशाला यायचे? पाककृती धाडावी, रांधणारे तिकडचेच असतील. आक्रमण करणारा हजर नाही, त्याची फौज नाही, कदाचित तो आता जिवंतही नाही, आणि आपणच कुतूहलापोटी त्याचे हात-पाय घडवून देतो. ही भीती तलवारबाजीच्या भीतीहून कितीतरी खोल आहे. माहिती हीच घुसखोर असू शकते, हे संगणक खोलीभर जागा व्यापत असतानाच्या काळात सुचणे ही मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे.

कल्पनेखालची जमीनही पक्की होती. जुसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते, की १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास परग्रहवासीयांचे संकेत शोधणे शक्य आहे. फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये अमेरिकेतील ग्रीन बँक येथून दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून तसा शोध घेतलाही. जॉड्रेल बँकची ७६ मीटर व्यासाची दुर्बीण १९५७ पासून ब्रिटिशांच्या अभिमानाचा विषय होती. डीएनएच्या रचनेचा उलगडा होऊनही आठच वर्षे झाली होती. मालिकेने या ताज्या बातम्या एका सूत्रात ओवल्या.

क्रिस्टीन आणि अँड्रोमेडा या दोन्ही भूमिका ज्युली क्रिस्टीने केल्या. आसाममध्ये जन्मलेल्या या अभिनेत्रीचे हे पहिले मोठे काम. पुढे ‘डार्लिंग’ या १९६५ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले. फ्लेमिंग पीटर हॅलिडेने, तर डॉनी मेरी मॉरिसने रंगवली. १९६२ च्या उन्हाळ्यात ‘द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’ ही सहा भागांची पुढची मालिका आली, तेव्हा मात्र अँड्रोमेडा झाली सुझन हॅम्पशर.

नंतरचा भाग चीड आणणारा आहे. त्या काळी चित्रफिती महाग होत्या. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करणे ही रीत होती आणि कलाकारांच्या करारांमुळे पुनःप्रसारणालाही मर्यादा होत्या. घरी ध्वनिचित्रमुद्रण करण्याची सोय नव्हती, त्यामुळे जुना कार्यक्रम जपून ठेवावा असे बीबीसीला फारसे वाटत नसे. जतनाचे निश्चित धोरण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले, तोवर शेकडो कार्यक्रम गेले होते. या मालिकेच्या वाट्याला काही तुकडे उरले. गंमत अशी की तिच्यापेक्षा फिकी असलेली पुढची मालिका सहाही भागांसह शाबूत राहिली.

‘द फेस ऑफ द टायगर’ हा सहावा भाग २००५ मध्ये एका संग्राहकाकडून परत मिळाला. तो पुढच्या वर्षी डीव्हीडीवर आला. त्याच्यासोबत हरवलेल्या भागांची कथा पडद्यावरून टिपलेल्या स्थिरचित्रांच्या आधारे जुळवून दाखवली आहे. अभ्यासकांना मोठा आधार असतो तो हॉईल आणि एलियट यांनी या कथेवरून लिहिलेल्या १९६२ च्या कादंबरीचा. कथानक तिथे पूर्ण सापडते, अभिनय आणि दिग्दर्शन अर्थातच नाही.

इटलीच्या राय वाहिनीने १९७२ मध्ये पाच भागांत आणि बीबीसीने २००६ मध्ये एकाच दीर्घ कार्यक्रमात ही कथा नव्याने सादर केली. बीबीसीच्या आवृत्तीत टॉम हार्डी आणि केली रायली होते. तिथे कथा आटोपशीर करण्याच्या नादात यंत्र आणि माणूस यांच्यातला हळूहळू वाढत जाणारा ताण बराच पातळ झाला आहे. सात आठवड्यांच्या सावकाश मांडणीत तो कसा चढत गेला असेल, याचा अंदाज उरलेल्या सहाव्या भागातल्या फ्लेमिंग आणि अँड्रोमेडाच्या प्रसंगांवरून थोडाफार बांधता येतो.