पापुद्र्याची कोणती बाजू पाण्याकडे?

घरच्या आरओतलं, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातलं, निकामी झालेलं मेंब्रेन (क्षार अडवणारी गुंडाळी) एकदा उभं चिरून पाहा. मधोमध भोकं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती कागदासारखे पांढरे थर व प्लास्टिकची जाळी, सुरळीसारखी घट्ट गुंडाळलेली. यातला मीठ अडवणारा पापुद्रा मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा, कधी त्याहूनही पातळ.

१७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले यांनी मद्यार्काच्या भांड्याच्या तोंडावर प्राण्याचं मूत्राशय ताणून बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवलं. बाहेरचं पाणी आत शिरून मूत्राशय फुगलं. हे परासरण. खाऱ्या बाजूने पुरेसा दाब दिला तर पाणी उलट्या दिशेने जातं आणि मीठ मागे राहतं. हेच रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे आरओ. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २७ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा), म्हणून प्रत्यक्षात ५५ ते ७० बार लावावे लागतात.

१९५० च्या दशकाअखेरीस फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी दाखवलं की सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ रोखतो. पण पाणी थेंबाथेंबाने पाझरायचं, तेवढ्यात कुणाची तहान भागणार?

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो यानंतरचा टप्पा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय संशोधक श्रीनिवास सौरिराजन बाजारातले पापुद्रे पाण्यात तापवून वापरत होते. कधी मीठ छान अडायचं, कधी अजिबात नाही. कारण सापडलं ते असं की पापुद्र्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. एक बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली तरच काम व्हायचं. मग त्यांनी मुद्दाम तसाच पापुद्रा घडवला : वर अतिपातळ घट्ट कातडी, खाली सच्छिद्र आधार. पाणी कितीतरी पटींनी जास्त येऊ लागलं.

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावी या मेंब्रेनने मचूळ पाणी पिण्याजोगं केलं. त्या गावाला पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे पाहिलेल्यांना त्या गावाची निकड वेगळी सांगायला नको.

पुढे १९७० च्या दशकात जॉन कॅडोट यांनी पॉलिअमाइड या प्लास्टिकचा संयुक्त, म्हणजे वेगवेगळ्या पदार्थांच्या थरांचा, पापुद्रा बनवला. आज घराघरांत मुख्यतः तोच आहे. दाब कमी लागतो, पण क्लोरीनने तो खराब होतो, म्हणूनच त्याच्या आधी क्लोरीन काढून घेणारा कार्बन फिल्टर असतो.

चेन्नईजवळ मिंजूरला याच तंत्राने समुद्राचं पाणी गोडं होतं. डायलिसिसच्या प्रत्येक सत्रात शंभराहून जास्त लिटर शुद्ध पाणी लागतं, तेही बहुधा आरओचंच. तिथे त्याला तोड नाही. मात्र मुळातच गोड पाणी येणाऱ्या घरात आरओ लावणं मला पटत नाही, कारण क्षारांसोबत कितीतरी चांगलं पाणी मोरीत जातं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार वगैरे, लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्र सरकारला सांगितलं होतं.